महिंद्रा युनायटेड : एका फुटबॉल-संघाचा उदय व अस्त

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या मैदानावर लोकांनीं आपला सायंकाळचा वेळ मोठ्या हौसेनें घालविला, ज्या संघाच्या जयानें त्यांस हर्ष झाला आणि ज्याच्या पराभवानें त्या रात्रीं त्यांस अन्न गोड लागलें नाहीं, त्या मैदानास आणि त्या संघासहि इतिहास असतो. आज मी आपणांस अशाच एका संघाचा वृत्तान्त सांगणार आहें. हा संघ मुंबईंत १९६२ सालीं जन्मास आला आणि २०१० सालीं नाहींसा झाला. या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानें देशांतील मानाचे बहुतेक करंडक जिंकले. जेव्हां तो बंद पडला तेव्हां तो दुबळा झालेला नव्हता, आणि त्याचा धनी निर्धनहि झालेला नव्हता. तरीहि तो गेला. त्याचें नांव महिंद्रा युनायटेड. तो कां गेला, हा आजच्या भाषणाचा खरा विषय आहे; कारण त्या प्रश्नाचें उत्तर केवळ खेळापुरतें नाहीं. आपण आपल्या संस्था कशा उभारतों व कशा गमावतों, याच्याशीं त्याचा निकट संबंध आहे.

आरंभीं मुंबईच्या फुटबॉलची थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. हा खेळ आपल्याकडे गोऱ्या पलटणींबरोबर आला. १८८८ सालीं सिमल्यास सर मॉर्टिमर ड्युरंड यांनीं आपल्या नांवाचा करंडक सुरू केला. हेच ते ड्युरंडसाहेब, ज्यांच्या नांवाची सरहद्द १८९३ सालीं हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यामध्यें आंखली गेली. सरहद्दीवरून आजतागायत तंटे चालू आहेत, आणि करंडकासाठीं मात्र सर्व प्रांतांचे संघ एकत्र येऊन खेळतात, ही इतिहासाची एक मौजच होय. ड्युरंड करंडकाच्या मागोमाग १८९१ सालीं मुंबईंत रोव्हर्स करंडकाचे सामने सुरू झाले. पहिल्या वर्षीं तो वुस्टरशायर पलटणीनें जिंकला, आणि पुढें जवळजवळ अर्धें शतक तो गोऱ्या शिपायांच्याच हातीं राहिला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो प्रथम हिंदी लोकांच्या हातीं आणला. मध्यंतरीं १९११ सालीं वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती, आणि पुढें कूपरेजचें मैदान हें मुंबईच्या फुटबॉलचें माहेरघर झालें. कूपरेज म्हणजे पिंपें बनविण्याची जागा. जेथें एके काळीं लांकडी पिंपें बांधलीं जात, तेथें पुढें चेंडूमागें धांवणाऱ्या तरुणांची गर्दी होऊं लागली.

तथापि एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत फुटबॉलला क्रिकेटाचें स्थान कधींच मिळालें नाहीं. गिरगांव, दादर, ठाणें, पनवेल येथील मुलें क्रिकेट, हुतूतू, खोखो आणि मल्लखांब यांत रमलीं. फुटबॉल मुख्यतः वांद्रें, माझगांव, भायखळा, नागपाडा या बाजूच्या ख्रिस्ती व मुसलमान वस्त्यांत, तसेंच नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या गोंयकारांच्या कुडांत वाढला. त्यामुळें ज्याप्रमाणें कलकत्त्यांत १८८९ सालीं मोहन बागान हा सभासदांचा, वर्गणीवर चालणारा आणि सर्व बंगाल्यास आपला वाटणारा क्लब उभा राहिला, तसा क्लब मुंबईंत उभा राहिला नाहीं. मुंबईंत फुटबॉलला आश्रय मिळाला तो कंपन्यांचा, गिरण्यांचा आणि रेल्वेचा. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के, एअर इंडिया, मध्य व पश्चिम रेल्वे, राष्ट्रीय केमिकल्स अशीं नांवें घेतलीं म्हणजे मुंबईच्या फुटबॉलचा अर्धा इतिहास सांगून होतो. यांपैकीं कॅल्टेक्सच्या संघानें १९५८ सालीं रोव्हर्स करंडक जिंकून मुंबईकरांस धन्य केलें होतें.

या कंपनीसंघांची व्यवस्था कशी चाले, हें तरुण श्रोत्यांस ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. एखादा मुलगा चांगला खेळतो असें दिसलें कीं कंपनी त्यास नोकरीवर घेई. कागदोपत्रीं तो कारकून, भांडारांतील मदतनीस किंवा कारखान्यांतील कामगार असे. दिवसांतील कांहीं वेळ त्यानें कामावर हजेरी लावावी, उरलेला वेळ सराव करावा आणि सामन्याच्या दिवशीं त्यास रजा असावी, असा एकंदर क्रम असे. पगार मोठा नसे. परंतु गुडघा दुखावला किंवा वय झालें, म्हणून नोकरी जात नसे. बूट खुंटीवर टांगल्यावरहि तो मनुष्य त्याच कचेरींत आणखी वीस वर्षें काम करी आणि भविष्यनिर्वाह निधि घेऊन निवृत्त होई. फुटबॉल खेळणाऱ्या तरुणास मुलगी देतांना बापाच्या मनांत जी शंका येई, तिचें समाधान त्या कंपनीच्या नांवानें होत असे. या पद्धतींत दोषहि होते. खेळाडूचें लक्ष विभागलेलें राही आणि नोकरीच्या सुरक्षिततेमुळें जिद्द मंदावे. पण गरीब घरांतील शेंकडों मुलांस या खेळानें पोट भरण्याचा मार्ग दाखविला, हें उपकार विसरतां येणार नाहींत.

महिंद्रांचा संघ याच परंपरेंतील. ज्या कंपनीनें तो काढला, तिच्या जन्मकथेंतहि एक सरहद्द आहे. १९४५ सालीं जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे बंधु आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनीं भागींत पोलादाचा व्यापार सुरू केला, तेव्हां पेढीचें नांव महिंद्रा अँड मोहम्मद असें होतें. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद हे पाकिस्तानांत गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ पासून १९५५ पर्यंत त्या राष्ट्राचे गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ सालीं पेढीचें नांव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालें. राज्याची सीमा बदलली कीं दुकानाची पाटीहि बदलते, याचें हें उत्तम उदाहरण होय. पुढें याच कंपनीच्या जीपगाड्या देशभर धांवूं लागल्या आणि तिच्या खेळाडूंस लोक कौतुकानें ‘जीपमेन’ म्हणूं लागले.

१९६२ सालीं कंपनीनें फुटबॉलचा संघ उभा केला. त्याचीं पहिलीं तीसएक वर्षें मुंबईंतील स्थानिक सामन्यांत आणि इतर कंपन्यांच्या संघांशीं होणाऱ्या चढाओढींत गेलीं. त्यास खरें अखिल भारतीय महत्त्व आलें तें १९९६ नंतर. त्या वर्षीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें राष्ट्रीय लीग सुरू केली. तोंपर्यंत आपल्याकडील फुटबॉल म्हणजे कांहीं आठवड्यांत आटोपणाऱ्या स्पर्धांची मालिका होती. आतां महिनोंमहिने चालणारी, गांवोगांवीं प्रवास करावयास लावणारी आणि परदेशी खेळाडूंस वाव देणारी लीग आली. कचेरींत अर्धा दिवस बसून ती खेळणें शक्य नव्हतें. कराराचे खेळाडू, पगारी शिक्षक, वैद्य, प्रवासखर्च असा सारा नवा संसार मांडावा लागला. कित्येक जुन्या कंपनीसंघांनीं येथेंच हात टेंकले. महिंद्रांनीं मात्र तो संसार मांडला. याच सुमारास संघाचें नांव महिंद्रा युनायटेड असें ठेवण्यांत आलें. कंपनीचें खातें जाऊन त्या ठिकाणीं एक स्वतंत्र क्लब उभा राहत आहे, असा भास त्या नांवानें झाला. तो भासच होता, हें पुढें कळून आलें.

त्यानंतरचीं दहा-बारा वर्षें हा या संघाचा सुवर्णकाळ होय. १९९८ सालीं त्यानें ड्युरंड करंडक जिंकला, आणि २००१ सालीं अंतिम सामन्यांत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा मोठा पाडाव करून तो पुन्हां मिळविला. २००३ सालीं फेडरेशन करंडक मुंबईस आला. डेव्हिड बूथ या इंग्रज शिक्षकानेंहि कांहीं काळ या संघास धडे दिले. पण संघाच्या भाग्याचा कळस झाला तो २००५-०६ च्या हंगामांत. त्या हंगामांत महिंद्रा युनायटेडनें फेडरेशन करंडक जिंकला आणि राष्ट्रीय लीगचें अजिंक्यपदहि मिळविलें. राष्ट्रीय लीग १९९६ पासून २००७ पर्यंत चालली. या सर्व काळांत महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याहि संघास ती जिंकतां आली नाहीं. पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्या पंक्तीस महाराष्ट्राचें एकच पान मांडलें गेलें, आणि तें या संघानें मांडलें.

या विजयाचे शिल्पकार डेरिक परेरा हे गोव्याचे. ते स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटु होते आणि साळगांवकर संघाचे एक आधारस्तंभ होते. त्यांच्या हाताखालीं मुंबईचा स्टीव्हन डायस होता, कानपूरचा उंच आघाडीपटु अभिषेक यादव होता, कुवेतमध्यें जन्मलेला खालिद जमील होता. ब्राझीलहून येऊन कलकत्त्यांत देवासारखा पूजिला गेलेला होजे बारेटो हाहि त्या काळांत या संघाच्या तांबड्या पोषाखांत खेळला. २००६ आणि २००८ अशा दोन वर्षीं या संघानें कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल जिंकली. ज्या ढालीवर १९११ सालीं मोहन बागाननें अनवाणी पायांनीं खेळून गोऱ्या पलटणीस हरविलें, तीच ही ढाल. २००७ सालीं आशियाई महासंघाच्या ए. एफ. सी. करंडकांत महिंद्रा युनायटेडनें उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली, आणि २००८ सालीं तिसऱ्यांदां ड्युरंड करंडक आणला.

आणि मग २००९-१० चा हंगाम चालू असतांनाच कंपनीनें जाहीर केलें कीं, हंगाम संपतांच संघ विसर्जित होईल. त्याप्रमाणें तो झाला. पदावनति न होतां, वरच्या श्रेणींत मानानें खेळत असतां एक संघ पुसला गेला. खेळाडूंनीं दुसऱ्या गांवचे, दुसऱ्या संघांचे करार शोधले. ज्यांचें वय उताराला लागलें होतें त्यांची स्थिति अवघड झाली. कारण जुन्या पद्धतींतील कचेरींतील खुर्ची आतां त्यांच्यासाठीं राखून ठेवलेली नव्हती. कंपनीसंघाची सुरक्षितता गेली होती आणि क्लबाचें स्थैर्य आलें नव्हतें. या दोहोंमधल्या उघड्या जागेंत हे तरुण सांपडले.

येथें कंपनीस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. अठ्ठेचाळीस वर्षें एखाद्या खेळावर खर्च करणें ही लहान गोष्ट नव्हे. फुटबॉल-संघ चालविणें हा आपल्या देशांत तोट्याचाच व्यवहार होता. तिकिटांचें उत्पन्न किरकोळ आणि खर्च वर्षानुवर्षें वाढता. संघ बंद करतांना कंपनीनें शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळण्याचें ठरविलें आणि स्कॉटलंडांतील सेल्टिक या प्रसिद्ध क्लबाच्या साहाय्यानें आंतरशालेय सामने भरविले. पुढें २०१४ सालीं आपल्या मातींतील कबड्डीला जी प्रो कबड्डी लीगनें नवी झळाळी आणली, ती लीग काढणाऱ्या मंडळींत आनंद महिंद्रा हे प्रमुख होते. तेव्हां ही मंडळी खेळाची वैरी नव्हती. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाहीं. प्रश्न असा आहे कीं, ज्या संघानें एका महानगराचें नांव देशभर केलें, तो संघ राहावा कीं जावा हें ठरविण्याचा अधिकार त्या महानगरांतील एकाहि नागरिकास नव्हता. क्लबास सभासद नव्हते, वर्गणीदार नव्हते, निवडून आलेलें मंडळ नव्हतें. मैदानहि स्वतःचें नव्हतें. कूपरेजवर त्याचे पाहुण्यासारखे दिवस गेले. जो वृक्ष कुंडींत वाढतो, त्यास फळें कितीहि लागोत, कुंडी उचलणाऱ्याच्या मर्जीवर त्याचें आयुष्य असतें.

याच ठिकाणीं विलायतेचें उदाहरण मननीय आहे. लंडनच्या पूर्वभागांत टेम्स आयर्नवर्क्स नांवाचा जहाजें बांधण्याचा कारखाना होता. तेथील कामगारांनीं १८९५ सालीं फुटबॉलचा संघ काढला. १९०० सालीं तो कारखान्यापासून अलग झाला आणि वेस्ट हॅम युनायटेड या नांवानें स्वतंत्र क्लब बनला. पुढें १९१२ सालीं कारखाना बंद पडला. आज त्या गोदीचा मागमूस नाहीं. परंतु क्लब मात्र शंभराहून अधिक वर्षें झालीं तरी जिवंत आहे आणि कारखान्यांतील हातोड्यांचें चिन्ह छातीवर मिरवीत आहे. आर्सेनल हा वुलिच येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं १८८६ सालीं काढलेला संघ, आणि मँचेस्टर युनायटेड हा १८७८ सालीं रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनीं काढलेला. हे सारे कंपनीसंघच होते. परंतु योग्य वेळीं त्यांची नाळ तुटली आणि वस्तीनें त्यांस दत्तक घेतलें. तिकडे कारखाना गेला व क्लब राहिला. इकडे कारखाना भरभराटींत राहिला व क्लब गेला. या एका वाक्यांत सर्व भेद सांपडतो.

महिंद्रांचें उदाहरण एकटें असतें तर तो केवळ योगायोग म्हणतां आला असता. परंतु पुढल्याच वर्षीं, २०११ सालीं, पंजाबांतील फगवाडा येथील जे. सी. टी. मिलचा संघहि विसर्जित झाला. हा संघ १९७१ सालचा, आणि तो ज्या पंजाबाचा, तो तर फाळणीनें मधोमध चिरलेला सरहद्दीचा प्रांत. त्या भूमींत जालंदरच्या सीमा सुरक्षा दलाचा संघ आणि फगवाड्याचा हा गिरणीसंघ यांनीं फुटबॉलची मोठी परंपरा चालविली. १९७६ सालीं ड्युरंड करंडकाच्या अंतिम सामन्यांत हेच दोघे एकमेकांपुढें उभे राहिले आणि करंडक दोघांत वांटून द्यावा लागला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जे. सी. टी. नेंच जिंकली, त्या संघांत सिक्कीमचा भायचुंग भुतिया आणि केरळचा विजयन एकत्र खेळत होते. इतकें वैभव असूनहि मालकाच्या एका निर्णयानें तोहि गेला. पहिल्या लीगचा विजेता आणि दहाव्या लीगचा विजेता, असे दोन्ही संघ वर्ष-दीड वर्षाच्या अंतरानें इतिहासजमा झाले.

याच्या उलट कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबाकडे पाहावें. तो १९२० सालीं स्थापन झाला. फाळणीनंतर पूर्व बंगाल्यांतून घरदार सोडून आलेले लाखों निर्वासित कलकत्त्यांत आले. त्यांचें गांव सरहद्दीपलीकडे राहिलें, पण गांवाचें नांव त्या क्लबांत शिल्लक होतें. तो हरला तर आपलें हरवलेलें घर पुन्हां हरवलें असें त्यांस वाटे. अशा क्लबाचे पुरस्कर्ते आले नि गेले, पैशाचे तंटे झाले, पण क्लब बंद करण्याची कोणाची छाती झाली नाहीं. कारण त्याचे धनी असंख्य होते.

आणि दूर बंगाल्यांत जाण्याचें तरी काय कारण? आपल्या महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर, कर्नाटकाच्या शेजारीं वसलेल्या कोल्हापुरांत जावें. तेथें फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा खेळ आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हीं तेथील संघांचीं नांवें. कुस्तीच्या आखाड्यानें फुटबॉलला मांडीवर घेतलें, असें दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल. छत्रपतींच्या घराण्याचा आश्रय लाभलेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर सामने असले म्हणजे पेठेंतील आबालवृद्ध लोटतात. ईर्षा कधीं मर्यादेबाहेर जाते, भांडणें होतात, आणि तें निंद्यच आहे. या संघांपाशीं महिंद्रांएवढा पैसा कधींच नव्हता, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदहि त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. परंतु पाटाकडील तालीम बंद करावयाची असें कोणी एका कचेरींत बसून ठरवूं म्हणेल, तर तें शक्य आहे काय? तो संघ कोणाच्या खतावणींतील रकम नाहीं; तो गल्लींतील घराघरांचा आहे. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक-स्पर्धा झाली, तेव्हां आपल्या देशाच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हें या संदर्भांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

महिंद्रा युनायटेडच्या मागें महाराष्ट्रांत काय घडलें, तें सांगून हा वृत्तान्त पुरा करतों. २०१३ सालीं एअर इंडियाचा संघ आणि मुंबईंतीलच ओ. एन. जी. सी. चा संघ हे परवान्याच्या नव्या अटींत न बसल्यामुळें वरच्या लीगमधून वगळले गेले. पुण्यांतील पुणें एफ. सी. हा २००७ सालीं निघालेला संघ २०१५ सालीं मिटला. त्याच वर्षीं भारत एफ. सी. हा पुण्याचा दुसरा संघ एकच हंगाम खेळून दिसेनासा झाला. २०१७ सालीं मुंबई एफ. सी. आणि डी. एस. के. शिवाजियन्स हे दोन संघ गेले, आणि २०१९ सालीं एफ. सी. पुणें सिटी. म्हणजे दहा वर्षांच्या आंत आपल्या राज्यानें अर्ध्या डझनाहून अधिक संघ वरच्या फुटबॉलमधून गमावले. प्रत्येकाचें कारण थोडें वेगळें, पण रोग एकच : वरून लावलेलें झाड, खालीं मूळ नाहीं. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग आली, मुंबई सिटी हा संघ आला आणि २०२०-२१ सालीं त्यानें अजिंक्यपदहि मिळविलें. त्याचें कौतुक अवश्य करावें. पण या जुन्या यादीकडे पाहून त्याच्या चाहत्यांनीं सावधहि असावें.

महिंद्रांच्या संघांतील माणसें मात्र वांया गेलीं नाहींत. डेरिक परेरा पुढें पुण्याच्या संघाचे शिक्षक झाले. खालिद जमील यांनीं कांहीं वर्षें मुंबई एफ. सी. ला शिकविलें आणि नंतर ते मिझोराममध्यें गेले. ब्रह्मदेश आणि बांगलादेश यांच्यामध्यें वसलेल्या त्या डोंगराळ सीमाप्रांतांतील ऐझॉल एफ. सी. या तुटपुंज्या पैशाच्या संघानें त्यांच्या मार्गदर्शनाखालीं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, आणि सारा देश चकित झाला. पुढें २०२५ सालीं ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य शिक्षक नेमले गेले. मुंबईंत विझलेल्या दिव्याची वात अशा रीतीनें सरहद्दीवरच्या एका गांवीं पेटली. परंतु ऐझॉलच्या त्या विजयाचा उत्सव करावयास तेथें अवघें शहर रस्त्यावर उतरलें होतें, ही गोष्टहि विसरतां कामा नये.

मी ज्या पनवेलांत आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला, तेथून नेरूळचें डी. वाय. पाटील स्टेडियम फार दूर नाहीं. २०१७ सालच्या त्या विश्वचषकाचा स्पेन व माली यांच्यामधील उपान्त्य सामना तेथें झाला, आणि २०२२ सालीं मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाहि तेथेंच होऊन स्पेननें कोलंबियास हरविलें. खाडीपलीकडच्या या नव्या शहरांत मैदानें झालीं, दिवे झाले, पैसे भरून मुलांस शिकविणाऱ्या संस्था झाल्या. संध्याकाळीं मुलें युरोपांतील संघांचे सदरे घालून खेळतात. त्यांस दूरच्या बार्सिलोनाचा इतिहास मुखोद्गत असतो, पण महिंद्रा युनायटेड हें नांव विचारलें तर त्यांस मोटारच आठवते. यांत मुलांचा अपराध नाहीं. ज्या गोष्टी आपण लिहून ठेवल्या नाहींत, जपल्या नाहींत, त्या त्यांस कोठून कळाव्या?

म्हणून माझी सुशिक्षित कुटुंबांस दोनच गोष्टींची विनंति आहे. पहिली ही कीं, ज्यांच्या घरीं या किंवा अशा लोपलेल्या संघांचीं छायाचित्रें, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणें, एखाद्या खेळाडूचें नेमणुकीचें पत्र असें कांहीं असेल, त्यांनीं तें रद्दींत घालूं नये. गांवच्या वाचनालयाकडे सोंपवावें आणि मागें चार ओळींत त्याची हकीकत लिहून ठेवावी. गिरण्या, कारखाने आणि पेढ्या यांच्या दप्तरांत खेळाडूंच्या आठवणी टिकत नाहींत, घरांत टिकतात. दुसरी गोष्ट अशी कीं, आपल्या नगरांत मुलांचा संघ निघाला तर तो कोणा एका धनिकाच्या देणगीवर विसंबून ठेवूं नये. देणगी अवश्य घ्यावी, पण त्याबरोबर दोनशें घरांची लहानशी वर्गणी असावी, सभासदांची यादी असावी, वर्षाकांठीं सभा भरावी, हिशेब वाचला जावा आणि मंडळ निवडलें जावें. देणगीदार उद्यां दुसरीकडे वळला तरी त्या दोनशें घरांस संघ चालू ठेवण्याचा हक्क राहील, आणि हक्क असला म्हणजे जबाबदारीहि आपोआप येते.

महिंद्रा युनायटेडपाशीं पैसा होता, गुणी शिक्षक होते, नामांकित खेळाडू होते आणि कपाटभर करंडक होते. नव्हते ते फक्त सभासद. पुढचा क्लब काढणारांनीं सदरे शिवावयास टाकण्यापूर्वीं सभासदांची वही उघडावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.